मेलेल्या पायलटच्या नावावर बिल

मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. पांढरं, निळ्या पट्ट्याचं, चार सीटचं सेस्ना १७२ आणि त्याच्या पंखाखाली हाताची घडी घालून उभा आमचा दादा. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. सिएटलला असतो, माझ्यासारखाच कोड लिहितो आणि माझ्या चौपट कमावतो. दोन वर्षं शनिवार-रविवार घालवून त्याने प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. फोटोखाली ढीगभर अंगठे पडले. आईने लिहिलं, ‘दृष्ट काढून घे रे कुणाकडून तरी.’

सप्टेंबरात आई-बाबा त्याच्याकडे जाणार आहेत. तो त्या दोघांना याच विमानातून सॅन हुआन बेटांवर नेणार. गाडी आणि फेरीबोट धरली तर अर्धा दिवस मोडतो, विमानाने पाऊण तास. सकाळी निघायचं, तिकडे जेवायचं, सूर्यास्त बघून परत यायचं.

मी त्याला खाजगीत विचारलं, ‘सेफ असतं ना रे हे?’ त्याचं उत्तर आलं, ‘घरून एअरपोर्टपर्यंत कारने जाणं हाच सगळ्यात डेंजरस भाग.’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. एअरलाइनच्या विमानाबद्दल ते खरं आहे. छोट्या खाजगी विमानाबद्दल ते साफ खोटं आहे, आणि ते तपासायला एक्सेल शीटसुद्धा लागत नाही. अमेरिकेत खाजगी आणि इतर बिगर-एअरलाइन उड्डाणांमध्ये दर एक लाख तासांमागे साधारण एक प्राणघातक अपघात होतो. विमान ताशी १२० मैलांनी जातं असं धरा. म्हणजे दर १० कोटी मैलांमागे आठेक प्राणघातक अपघात, आणि एका अपघातात बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त माणसं. तिथल्या रस्त्यांवर तेवढ्याच मैलांमागे सव्वा माणूस मरतो. हिशेब ढोबळ आहे, पण दहापटीच्या आसपासचा फरक ढोबळ हिशेबातही लपत नाही. कार आणि मोटरसायकल यांच्या मधे कुठेतरी हे विमान बसतं. फेब्रुवारी २००९ ते जानेवारी २०२५ या जवळपास सोळा वर्षांत अमेरिकी एअरलाइनचं एकही विमान सगळ्या प्रवाशांसकट कोसळलं नाही. त्याच काळात तिथे छोट्या विमानांमध्ये दरवर्षी तीनशेहून अधिक माणसं मेली.

हा हिशेब मी दादाला पाठवला. तो म्हणाला, ‘त्यातले पंचाहत्तर टक्के पायलट एरर असतात. इडियट्स. मी असलं काही करणार नाही.’

त्याचा आकडा बरोबर आहे. माझं भांडण त्या आकड्यातून तो काढत असलेल्या धीराशी आहे.

आधी या ‘एरर’चं व्याकरण बघू. अमेरिकेत प्रत्येक विमान अपघाताचा तपास एनटीएसबी ही सरकारी संस्था करते आणि शेवटी ‘संभाव्य कारण’ जाहीर करते. छोट्या विमानांच्या अहवालात ते बहुधा असं असतं: पायलटला विमानावर नियंत्रण राखता आलं नाही. पायलटला पुरेसा वेग राखता आला नाही. आता सांगा, हे कारण झालं की वर्णन? विमान जमिनीवर आपटलं म्हणजे नियंत्रण राहिलं नव्हतं हे उघडच आहे. नळ गळतोय म्हणून प्लंबर बोलवावा, त्याने वाकून बघावं, ‘पाणी थांबलेलं नाही’ असं सांगावं आणि पाचशे रुपये मागावेत, तशातला प्रकार.

अहवालाची बाकीची पानं मात्र अप्रतिम असतात. गेले तीन महिने मी रात्री वेबसीरिज सोडून तीच वाचतोय. तपासनीस वाकलेला बोल्टसुद्धा सोडत नाहीत. पण ती पानं वाचतो कोण? लोक शेवटचं एक वाक्य वाचतात आणि मेलेल्याच्या नावावर बिल फाडून मोकळे होतात.

जॉन डेन्व्हरचं उदाहरण घेऊ. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये जो कुणी गिटार घेऊन बसला त्याने ‘कंट्री रोड्स’ वाजवलंच असणार. तोच हा गायक. १२ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथून त्याने आपलं नवं घेतलेलं लाँग-ईझी विमान उडवलं आणि काही वेळातच तो किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळला. वय ५३. अनुभव २७०० तासांहून जास्त. हे नवशिक्याचं काम नव्हतं.

लाँग-ईझी हे घरी बांधायचं विमान. बर्ट रुटान या डिझायनरचे आराखडे घ्यायचे आणि गॅरेजमध्ये जोडायचं. इंधनाच्या टाक्या दोन, डावी आणि उजवी. एक संपत आली की हँडल फिरवून दुसरी चालू करायची. रुटानच्या आराखड्यात हे हँडल पायलटच्या समोर, दोन पायांच्या मधे होतं. हे विमान ज्याने बांधलं त्याला इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या. त्याने हँडल पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे नेऊन बसवलं. त्यावर खुणा नव्हत्या. इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या नळ्या मागच्या सीटवरूनच नीट दिसत, आणि त्यांच्यावरही खुणा नव्हत्या.

आता खुर्चीवर बसल्या बसल्या करून बघा. उजवा हात छातीवरून डाव्या खांद्यामागे न्या आणि तिथलं काहीतरी जोर लावून फिरवा. उजवा पाय आपोआप जमिनीत रुतला की नाही? विमानात त्या पायाखाली रडरचं पेडल असतं.

उड्डाणाआधी हँडलपर्यंत हात पोचत नाही, ते जड फिरतं, याबद्दल डेन्व्हर आणि तिथला मेकॅनिक बोलले होते. हात लांबवायला पकड लावून बघितली, उपयोग झाला नाही. हवेत हँडल फिरवायची वेळ आली तर ऑटोपायलट लावीन, असं डेन्व्हर म्हणाला. मागची इंधन-नळी दिसावी म्हणून मेकॅनिकने त्याला एक छोटा आरसा दिला. जास्तीचं इंधन त्याने घेतलं नाही. तासभरच उडायचं होतं.

मग एक टाकी संपत आली, इंजिन अडखळलं, तो वळला, विमान उजवीकडे कलंडलं आणि काही शे फुटांवरून सरळ पाण्यात गेलं.

एनटीएसबीने मुख्य कारणांत काय लिहिलं? पायलटचं लक्ष विचलित झालं, त्याच्याकडून नकळत उजवं पेडल दाबलं गेलं, त्याने इंधन भरलं नव्हतं. खांद्यामागचं बिनखुणांचं हँडल मात्र त्यांनी ‘घटकां’मध्ये घातलं, म्हणजे एक पायरी खाली. हँडल तिथे बसलं तेव्हाच अपघात अर्धा झाला होता, असं मला वाटतं. पण हँडलला अंत्ययात्रा नसते, त्यामुळे ते मथळ्यात येत नाही. डेन्व्हर काही संत नव्हता. दारूच्या भानगडींमुळे त्याचं पायलटचं वैद्यकीय प्रमाणपत्र तेव्हा वैध नव्हतं, त्याने उडायलाच नको होतं. (शवविच्छेदनात दारू सापडली नाही, तरी पुष्कळांच्या आठवणीत एवढीच एक गोष्ट राहिली.) पण प्रमाणपत्र वैध असतं तरी त्याचा उजवा हात काही लांब झाला नसता.

एक गोष्ट कबूल करतो. या प्रकरणाने मी इतका पेटतो त्याला कारण आहे. मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलाने टेस्टिंगचा समजून प्रॉडक्शनचा टेबल उडवला. दोन्ही विंडो काळ्या, दोन्हीकडचा प्रॉम्प्ट अक्षरशः एकसारखा. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं ‘ह्यूमन एरर’ आणि उपाय लिहिला गेला ‘काळजी घेण्यास सांगितले’. विंडोचा रंग कुणी बदलला नाही. चार महिन्यांनी तीच चूक दुसऱ्या माणसाने केली. तो दुसरा माणूस मी होतो. आमच्याकडे बॅकअप होता. विमानात बॅकअप रिस्टोअर करता येत नाही.

पुढे जाऊ. बीचक्राफ्ट बोनान्झा हे अमेरिकेतलं अतिशय देखणं खाजगी विमान, १९४७ पासून विकलं जाणारं. जुन्या मॉडेलांची शेपटी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी. या विमानाला तिथल्या पायलट मंडळींनी ठेवलेलं नाव आहे: दुभंग्या शेपटीचा डॉक्टर-किलर. गर्भितार्थ असा, की पैसेवाले डॉक्टर झेपत नसताना वेगवान विमान घेतात, ढगात शिरतात आणि मरतात. नाव लोकप्रिय झालं, कारण ते बिल कुणाच्या नावावर फाडायचं हे आधीच सांगतं. दशकानुदशकं या शेपट्या हवेत तुटत राहिल्या. मग १९८० च्या दशकात सरकारने रीतसर चाचण्या घेतल्या, तेव्हा कळलं की काही परिस्थितींत ही शेपटी प्रमाणपत्राच्या निकषांनाच उतरत नव्हती. ती मजबूत करण्याचा आदेश १९८७ मध्ये निघाला. विमान विकायला लागल्यावर चाळीस वर्षांनी! ढगात ताबा गेल्यावर विमान मर्यादेबाहेरच्या वेगाने खाली येई आणि त्या वेगात शेपटी तुटे, त्यामुळे डॉक्टरांचा काहीच दोष नव्हता असं कुणी म्हणणार नाही. पण ‘डॉक्टर मूर्ख असतात’ हे उत्तर तयार असलं की शेपटी मोजायला कोण जातं?

३ फेब्रुवारी १९५९ ला २२ वर्षांचा रॉक गायक बडी हॉली आयोवात ज्यात मेला, तेही भाड्याचं बोनान्झाच होतं. पायलट २१ वर्षांचा. रात्र, बर्फ, क्षितिज दिसत नाही. विमानाचं नाक वर आहे की खाली हे दाखवणारं त्या विमानातलं यंत्र, त्याला ज्याची सवय होती त्याच्या उलट्या पद्धतीने दाखवायचं. हवामानाचे दोन महत्त्वाचे इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. अधिकृत कारण काय, तर पायलटचा अविचारी निर्णय. उलटं यंत्र आणि न पोचलेले इशारे ‘साहाय्यक घटकां’त. १९५९ आणि १९९७. अडतीस वर्षांत बिलबुक तेच.

या बिलबुकाचा फायदा कुणाला होतो, तेही बघा. १९८० च्या दशकात कोर्टातल्या नुकसानभरपाईंमुळे छोटी विमानं बनवणाऱ्या कंपन्या मेटाकुटीला आल्या होत्या. सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणंच थांबवलं. म्हणून अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा केला: वीसपेक्षा कमी सीटच्या, एअरलाइनमध्ये न वापरल्या जाणाऱ्या विमानाला अठरा वर्षं झाली की, काही अपवाद सोडता, सदोष बनावटीबद्दल उत्पादकावर खटला भरता येत नाही. उद्योग वाचला, सेस्नाने पुन्हा विमानं बनवायला घेतली. पण तिथे उडणाऱ्या छोट्या विमानांचं सरासरी वय तीस वर्षांच्या वर आहे. म्हणजे आज आकाशात असलेल्या बहुतेक विमानांच्या बाबतीत बनवणारा जबाबदारीतून सुटलेला आहे. दादाचं विमान त्याच्यापेक्षा वयाने मोठं आहे. (आई त्याला ‘नवीन विमान’ म्हणते.)

आता दादाची बाजू. तो म्हणतो, ‘म्हणजे पायलटची चूक नसतेच का? ढगात शिरायचा निर्णय काय शेपटी घेते?’ योग्य प्रश्न. निर्णय पायलटच घेतो. फक्त तो निर्णय घेताना त्याच्या शेजारी कोण असतं, हे विचारायचं राहून जातं.

१६ जुलै १९९९. जॉन एफ. केनेडी ज्युनिअर, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. बायको आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून निघाला. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडायचं आणि पुढे चुलतबहिणीच्या लग्नाला पोचायचं. उजेडात निघायचं होतं, उशीर झाला, सूर्य मावळल्यावर विमान उडालं. त्याचा एकूण अनुभव साधारण ३१० तास. ढगात, अंधारात निव्वळ यंत्रांवर उडवायचं प्रशिक्षण चालू होतं, पूर्ण झालेलं नव्हतं. एका इन्स्ट्रक्टरने बरोबर येण्याची तयारी दाखवली होती. केनेडीला ते एकट्याने करायचं होतं. समुद्रावर धुरकट हवा, पाणी काळं, आकाश काळं, मधली रेघ गायब. शेवटी विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं. तिघेही गेले. कायद्याने त्या रात्री त्याला उडायची पूर्ण मुभा होती.

अंधारात नेमकं काय होतं? आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या नळ्या असतात, त्यावरून तोल कळतो. विमान हळूहळू वळायला लागलं आणि वळतच राहिलं की तो द्रव स्थिरावतो आणि मेंदू म्हणतो, सरळ चाललंय सगळं. क्षितिज दिसत नसेल तर हे खोटं पकडणारं दुसरं काही शरीरात नाही. विमान वळतंय, उंची कमी होतेय, पायलट नाक वर ओढतो, त्याने गिरकी आणखी आवळते. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात असं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना कृत्रिमरीत्या त्या अवस्थेत ठेवून बघितलं. विसाच्या वीस जणांचा ताबा गेला. सरासरी वेळ १७८ सेकंद. यात हुशार आणि इडियट असा भेद सापडला नाही.

मग एअरलाइनचे पायलट काय वेगळ्या मातीचे असतात? प्रशिक्षण जास्त असतं, हे खरं. पण त्यांच्या शेजारी दुसरा पायलट असतो, ज्याला ‘कॅप्टन, हे बरोबर नाही’ म्हणायला शिकवलेलं असतं. जमिनीवर डिस्पॅचर असतो, ज्याची उड्डाणाबाबत कॅप्टनइतकीच कायदेशीर जबाबदारी असते. दोघांपैकी कुणालाही लग्नाला पोचायचं नसतं. छोट्या विमानात पायलट तोच, डिस्पॅचर तोच, मालक तोच, आणि पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायचा शब्द दिलेला यजमानही तोच. या चारपैकी तीन पदं ‘चला’ म्हणणारी आहेत. याला तिकडे स्वातंत्र्य म्हणतात. एका माणसाच्या हातात कोड लिहिणं, तपासणं आणि शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणं, तिन्ही दिलं तर आमच्या धंद्यात त्याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. जे म्हणतात ते मराठीत छापता येत नाही.

हे बदलता येतं, म्हणून राग जास्त येतो. सिरस नावाची कंपनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी विमानं विकते, ज्यात अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं. छतातलं हँडल ओढलं की विमान माणसांसकट छत्रीखाली लटकत खाली येतं. तरी पहिली दहाएक वर्षं त्यांच्या प्राणघातक अपघातांचा दर इतर छोट्या विमानांपेक्षा फारसा बरा नव्हता. कारण लोक हँडल ओढतच नव्हते! खरा पायलट विमान सांभाळून उतरवतो, हँडल ओढणं म्हणजे हार, अशी समजूत. मग कंपनीने आणि विमानमालकांच्या संघटनेने मिळून शिकवणं बदललं: ओढणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही; आणि ज्याने ओढलं त्याला कुणी हसायचं नाही. दर झपाट्याने खाली आला. या पॅराशूटने आजवर दोनशेहून अधिक जण वाचलेत. माणसं तीच होती. त्यांना इडियट म्हणणं बंद झालं, एवढंच.

हे सगळं मी दादाला लिहिलं. बरंच लांब झालं; त्याने ‘सीन’ केलं आणि दोन तासांनी विचारलं, ‘म्हणजे मी इडियट आहे असं म्हणायचंय का तुला?’

मी म्हटलं, नाही. तू हुशार आहेस, म्हणूनच भीती वाटते. तुझे १४० तास झालेत, यंत्रांवर उडायचं रेटिंग नाही, खाली पाणी आहे, आणि सिएटलचे ढग सप्टेंबरात काय करतात हे तू मला सांगतोस. सूर्यास्त रद्द कर, तीनच्या आत परत ये. आणि त्या दिवशी उडायचं की नाही हे तुझ्या इन्स्ट्रक्टरला ठरवू दे, ज्याला बेटावर जेवायला जायचं नाहीये.

त्याने विमानातल्या इंधनाच्या हँडलचा फोटो पाठवला. सेस्नात ते दोन सीटच्या मधे जमिनीवर असतं. डावी, उजवी, दोन्ही, असं ठळक लिहिलेलं. खाली त्याचा मेसेज: ‘बघ. खांद्यामागे नाहीये.’ बाकीच्यावर काही नाही. याला आज चार दिवस झाले.

चार सीटचं विमान म्हणजे चार माणसं, असं नसतं. टाक्या पूर्ण भरल्या की सेस्ना १७२ मध्ये मोठी तीन माणसं आणि थोडं सामान, इतकंच वजन चालतं. हे मी आईला सांगितलं नव्हतं. काल तिचा फोन आला. चिवडा, लाडू, दादासाठी मेतकूट, शिवाय बेटावर थंडी असेल म्हणून दोन शाली, असं सगळं त्या दिवशी बरोबर घ्यायचं तिच्या मनात आहे. म्हणाली, ‘त्याच्या त्या विमानात किती किलो चालतं, विचार ना त्याला.’

मी म्हटलं, तूच विचार. आणि तो जे सांगेल त्यावर पुढचा प्रश्नही विचार.